संस्कृतचा स्कॉलर, हातात मॅनोमीटर : लोणावळ्यात योगाची प्रयोगशाळा उभारणारे स्वामी कुवलयानंद

लोणावळा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चिक्की, भुशी डॅम, टायगर पॉइंट आणि रविवारी संध्याकाळी घाटात तुंबलेल्या गाड्या.

याच लोणावळ्यात १९२४ साली ४१ वर्षांचा एक माणूस मुक्कामाला आला. ज्या कॉलेजचा तो प्राचार्य होता ते बंद पडलं होतं. लग्न केलेलं नव्हतं आणि पुढेही करायचं नव्हतं. शिकला होता संस्कृत. डॉक्टरकी नाही, फिजिक्स नाही, केमिस्ट्री नाही. आणि डोक्यात मात्र एक खूळ होतं : योगी लोक शरीरावरच्या परिणामांचे जे दावे करतात, ते यंत्रावर मोजून बघायचे.

त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतं आणि त्यांनी उभारलेली कैवल्यधाम ही संस्था आजही लोणावळ्यात सुरू आहे.

आज अमुक प्राणायाम केला की तमुक रोग जातो, असं सांगणारी रील दर दोन मिनिटांनी समोर येते. हे खरं कशावरून, असं विचारणारे मात्र कमी. कुवलयानंदांनी शंभर वर्षांपूर्वी नेमकं तेच विचारलं, आणि तेही योगावर मनापासून श्रद्धा असताना. म्हणूनच त्यांची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

डभोईचा मुलगा, बडोद्याची तालीम

गुणे मराठी. पण जगन्नाथचा जन्म झाला तो ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदा संस्थानातल्या डभोईला. घरची परिस्थिती बेताची. डोकं मात्र तल्लख. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. त्या काळात ही शिष्यवृत्ती मिळाली की अख्ख्या मुंबई इलाख्यात नाव व्हायचं.

पुढचं शिक्षण बडोदा कॉलेजात. अरविंद घोष तेव्हा तिथे शिकवत होते. बाहेर लोकमान्य टिळकांचं वारं होतं. देशासाठी काहीतरी करायचं, हे तरुण जगन्नाथच्या मनानं तेव्हाच घेतलं. आजन्म ब्रह्मचारी राहायचा निर्णयही त्याच काळातला.

याच बडोद्यात त्यांना पहिले गुरू भेटले. राजरत्न माणिकराव. जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा चालवणारा हा माणूस म्हणजे देशी व्यायामाचं चालतंबोलतं विद्यापीठ. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं जगन्नाथ त्यांच्याकडे शिकले. शरीर कसं कमवायचं, कुठल्या व्यायामाने कुठला स्नायू वापरला जातो आणि शंभर पोरांना एका शिस्तीत कसं उभं करायचं, हे सगळं तिथलं.

नंतर खानदेशात अमळनेरला शिक्षकी सुरू झाली. तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे ते प्राचार्य झाले. अमळनेरला असतानाच, १९१९ साली, त्यांना दुसरे गुरू भेटले.

नर्मदेच्या काठी मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी नावाचे बंगाली योगी राहायचे. त्यांच्याकडे गुणे योग शिकले. आसनं, प्राणायाम, बंध, नौली, बस्ती, सगळं. मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढणारे श्री योगेंद्र हेही याच माधवदासजींचे शिष्य.

इथवरची गोष्ट तशी नेहमीची. हुशार तरुण, राष्ट्रसेवेचं वेड, नदीकाठचे गुरू. वेगळी गोष्ट सुरू होते ती एका प्रश्नापासून.

पाणी वर चढतं कसं?

हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. योगी पाण्यात बसतो, पोटाचे स्नायू विशिष्ट पद्धतीने आवळतो आणि गुदद्वारातून पाणी आपोआप आत ओढलं जातं. पंप नाही, पिचकारी नाही.

हे घडतं यात शंका नव्हती. गुणेंनी स्वतः ते केलं होतं. प्रश्न होता, कसं?

श्रद्धावान माणसाने वायूची किंवा शक्तीची करामत म्हणून हात जोडले असते. नास्तिकाने भोंदूगिरी म्हणून पाठ फिरवली असती. गुणेंनी तिसरा रस्ता धरला. त्यांनी प्रश्न असा मांडला : पाणी वर चढतंय म्हणजे आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी झालेला असणार. मग तो दाब मोजता येईल का?

त्यासाठी साधन तयार होतं. मॅनोमीटर. यू आकाराच्या काचेच्या नळीत पारा किंवा पाणी असतं. एका बाजूचा दाब कमी झाला की द्रव त्या बाजूला वर सरकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी पाहिलेलं हे उपकरण. क्रिया करणाऱ्याच्या आतड्यात रबरी नळी घालून ती मॅनोमीटरला जोडायची आणि नौली करायला सांगायचं.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांच्या मदतीने हे प्रयोग झाले. जोडीला एक्स-रे. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय हलतं, पडदा किती वर जातो, आतडी कुठे सरकतात, हे फोटोत दिसू लागलं.

मॅनोमीटरने उत्तर दिलं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब खरोखरच बाहेरच्या हवेपेक्षा खाली जात होता. पाणी आत ढकललं जात होतं ते बाहेरच्या हवेच्या दाबामुळे. पेल्यात स्ट्रॉ बुडवून ओढल्यावर सरबत वर येतं, त्यामागेही हेच तत्त्व आहे. या पोकळीला गुणेंनी आपल्या गुरूंचं नाव दिलं : माधवदास व्हॅक्यूम.

गुरूवरची श्रद्धा आणि मॅनोमीटरचं रीडिंग एकाच नावात बांधणारा असा माणूस विरळाच.

मग लोणावळाच का?

अमळनेरचं कॉलेज १९२३च्या आसपास बंद झालं. गुणेंपुढे दोन वाटा होत्या. दुसरीकडे शिक्षकी करायची, नाहीतर हे प्रयोगाचं काम पूर्णवेळ अंगावर घ्यायचं. त्यांनी दुसरी वाट धरली आणि १९२४च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची सुरुवात केली. कैवल्य हा पतंजलीच्या योगसूत्रातला शब्द. योगाचं शेवटचं ध्येय.

जागा अडचणीची नव्हती. बोरघाटातली रेल्वे १८६३ सालीच सुरू झाली होती. मुंबईचा डॉक्टर आणि पुण्याचा पंडित, दोघांनाही गाडीने येता येईल असं हे ठिकाण, आणि हवाही थंड.

शिवाय मावळाला विज्ञान नवीन राहिलेलं नव्हतं. लोणावळ्याच्या आजूबाजूला धरणं बांधून, ते पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला सुरुवात केली होती. पलीकडे तळेगावात १९०८ पासून पैसा फंडाचा काच कारखाना चालू होता. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून तो निघाला. परदेशात काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले आणि देशी पोरांना भट्टीसमोर उभं करून हे काम शिकवलं गेलं. नुसतं स्वदेशी म्हणून ओरडून काच बनत नाही, वाळू किती, सोडा किती आणि भट्टी किती तापवायची हे यावं लागतं, हा धडा तळेगावने दिला होता.

कुवलयानंदांनी तोच धडा योगाला लावला. नुसतं आपली प्राचीन परंपरा थोर आहे म्हणून भागत नाही. काय होतं, किती होतं आणि कशामुळे होतं, हे दाखवावं लागतं.

जे सापडलं ते छापायचं

संस्था सुरू झाली त्याच महिन्यात एक इंग्रजी त्रैमासिकही सुरू झालं. योग मीमांसा. योगावरच्या शास्त्रीय संशोधनाला वाहिलेल्या जगातल्या पहिल्या नियतकालिकांपैकी हे एक.

अंकाची रचनाच बघण्यासारखी होती. एक विभाग शास्त्रीय, त्यात प्रयोग आणि आकडे. एक अर्धशास्त्रीय, त्यात त्या आकड्यांचा अर्थ. आणि एक सर्वसामान्यांसाठी, त्यात आसन कसं करायचं याचं फोटोसकट वर्णन. एकच माहिती, वाचक तीन. आज ज्याला सायन्स कम्युनिकेशन म्हणतात आणि ज्याचे वेगळे कोर्स निघालेत, ते काम लोणावळ्यात १९२४ साली चालू होतं.

पहिल्या अंकांत उड्डियान आणि नौलीचे एक्स-रे आले. त्यानंतर १९२६ मध्ये सर्वांगासन आणि मत्स्यासनात रक्तदाबाचं काय होतं, याचे प्रयोग आले. डोकं खाली, पाय वर केले की रक्तदाब वाढून काहीतरी होईल, ही भीती आजही लोकांना वाटते. कुवलयानंदांनी त्यावर वाद घातला नाही. दंडाला पट्टा बांधला आणि मोजलं.

ऑक्सिजनवाली गोष्ट

त्यांची खरी परीक्षा झाली ती प्राणायामावर.

प्राणायाम केला की शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, हे वाक्य आज प्रत्येक बागेतल्या योग शिबिरात ऐकू येतं. तेव्हाही लोकांचा हाच समज होता. योगाचा प्रचार करायचा असेल तर याच्याइतकं सोयीचं वाक्य नाही. पटकन पटतं, वर विज्ञानाचा वासही येतो.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कुवलयानंदांनी हेही मोजायला घेतलं. नेहमीच्या श्वासात आणि प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन घेतं, किती कार्बन डायऑक्साइड टाकतं, याचे प्रयोग झाले. त्यातून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो प्रचाराच्या उपयोगाचा नव्हता. प्राणायामाचं मोल जादा ऑक्सिजनमध्ये आहे, असं त्यांना दिसलं नाही. साधं आहे. प्राणायामात श्वास लांबतो आणि रोखलाही जातो, त्यामुळे मिनिटाला होणाऱ्या श्वासांची संख्या कमी होते. प्राणायामाचा फायदा छाती-पोटातल्या दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात शोधला पाहिजे, असं त्यांनी मांडलं.

यातलं शरीरशास्त्र आज घराघरात माहीत आहे. कोविडच्या काळात बोटाला ऑक्सिमीटर लावून सगळ्यांनी पाहिलंय. निरोगी माणूस काहीही न करता बसला असला तरी आकडा ९७-९८ दाखवतो. म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं असतं. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून किती मावणार?

गंमत म्हणजे हा विषय तिथे संपला नाही. के. टी. बेहनन नावाचे एक भारतीय संशोधक अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होते. ते लोणावळ्याला आले, कुवलयानंदांकडे योग शिकले आणि स्वतःवरच प्रयोग करून १९३७ साली त्यांनी योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या मोजणीत प्राणायामाच्या काही प्रकारांत ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसला.

गुरूचा निष्कर्ष एक, शिष्याचं रीडिंग दुसरं. तरी यात कुणाचा अपमान झाला नाही. कुठला प्राणायाम, किती वेगाने, किती वेळ, यावर उत्तर बदलू शकतं, एवढंच त्यातून पुढे आलं. आता तपासायचं कसं, ते दोघांनाही माहीत होतं.

कॉलेजात प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करताना काय चालतं, ते सायन्स साइडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उत्तर आधी माहीत असतं, रीडिंग मागून बसवलं जातं. मार्कही पूर्ण मिळतात. अशाने सायन्सची डिग्री हातात येते, पण सायन्स येत नाही. इकडे ज्याच्याकडे सायन्सची डिग्रीच नव्हती असा एक संस्कृतचा माणूस, आपल्याला हवं ते उत्तर आलं नाही तरी ते छापत होता.

योगाची नोकरी होते?

कुवलयानंद साधक होते तसेच हाडाचे शिक्षकही होते. प्रयोगशाळेतलं ज्ञान शाळेत आणि दवाखान्यात पोचलं नाही तर उपयोग काय, हा त्यांचा दुसरा ध्यास.

१९२७ मध्ये महात्मा गांधींची प्रकृती बिघडली. रक्तदाबाचा त्रास होता. तेव्हा कुवलयानंदांनी त्यांना आसनांबाबत सल्ला दिला आणि दोघांत पत्रव्यवहारही झाला. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझला शाखा निघाली. १९३६ मध्ये चौपाटीला ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र उभं राहिलं. मरीन ड्राइव्हवरून जाताना ती वास्तू आजही दिसते.

१९३७ मध्ये मुंबई इलाख्यात काँग्रेसचं सरकार आलं. शाळांमधल्या शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली गेली आणि तिचं अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आलं. माणिकरावांच्या आखाड्यात शिकलेलं इथे कामाला आलं. एका वेळी वर्गभर मुलांना आसनं करता यावीत म्हणून त्यांनी यौगिक संघ व्यायाम नावाचा क्रमच बांधला होता.

१९५०च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेकसरिया यांच्या नावाने योगाचं कॉलेज सुरू झालं. इथे विद्यार्थ्याला आसनं यायला हवीत, पण तेवढ्यावर भागत नाही. शरीररचना आणि शरीरक्रिया शिकायची, जोडीला पतंजली आणि हठयोगाचे ग्रंथही वाचायचे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यौगिक रुग्णालय निघालं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्याआधी योग शिकायचा तर घर सोडून गुरू शोधायला निघावं लागायचं. आता योग शिक्षक, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, योगोपचार करणारा डॉक्टर, प्रयोगशाळेतला संशोधक अशी कामं तयार झाली. अभ्यासक्रम आला, परीक्षा आली, पगार आला. हे शक्य झालं कारण शिकवायची गोष्ट मोजता येत होती, लिहिता येत होती आणि दुसऱ्याला तशीच्या तशी करून दाखवता येत होती. गुरूच्या कृपेवर चालणाऱ्या विद्येचं प्रमाणपत्र देता येत नाही.

आणि संस्कृत वाया गेलं का? मुळीच नाही. कैवल्यधामात प्रयोगशाळेच्या बरोबरीने ग्रंथसंशोधनही चालायचं. जुन्या योगग्रंथांची हस्तलिखितं जमवायची, त्यातले पाठभेद तुलना करून तपासायचे, कुठला मूळ आणि कुठला मागून घुसडलेला ते ठरवायचं. पुराव्याशिवाय वाक्य स्वीकारायचं नाही, ही सवय तिथेही तीच. फक्त इथे मॅनोमीटरच्या जागी पोथी होती.

हृदय थांबवणारे योगी

१९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेतून यंत्रसामग्री घेऊन भारतात आले. काही योगी आपलं हृदय थांबवू शकतात असा दावा होता आणि तो तपासायचा होता. देशभर फिरताना त्यांचा लोणावळ्यातही मुक्काम पडला.

निष्कर्ष असा : नाडी हाताला लागेनाशी होत होती, स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येत नव्हते, पण ईसीजीत हृदय चालूच होतं. छातीतला दाब वाढवून रक्ताचा परतीचा प्रवाह कमी केला जात होता, म्हणून नाडी मंदावत होती. शरीरावरचं नियंत्रण असामान्य होतं यात वाद नाही. पण हृदय थांबलं नव्हतं.

एखाद्या आश्रमाने असल्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवलं असतं. कैवल्यधामने त्यांना जागा दिली.

सगळंच बरोबर होतं का?

नव्हतं. आजच्या निकषांवर त्या प्रयोगांत उणिवा दिसतात. प्रयोगातली माणसं मोजकी, बरेचदा संस्थेतलीच. योग करणारा आणि न करणारा असे दोन गट पाडून तुलना करण्याची आजची पद्धत तेव्हा सगळीकडे रुळलीही नव्हती. आणि मुख्य म्हणजे तपासणारा माणूस स्वतः योगाचा भक्त. आपल्या आवडीचं उत्तर यावं असं त्याला वाटणं साहजिक आहे.

दोन्हीकडून टीका व्हायची सोयही होती. डॉक्टरांना संन्यासी नको, संन्याशांना यंत्र नको. अध्यात्म नळीत मोजता येतं का, हा प्रश्न रास्तच आहे. कुवलयानंदांचाही तसा दावा नव्हता. शरीरावर दिसणारा परिणाम मोजता येतो आणि तेवढा तरी मोजावा, इतकंच त्यांचं म्हणणं.

पण आकडे, पद्धत आणि फोटो छापून ठेवल्यामुळेच आज त्यांच्या चुका काढता येतात. जो काहीच मोजत नाही, त्याची चूक कधीच सापडत नाही.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद गेले. योग मीमांसा आजही निघतं. संस्थेने २०२४ मध्ये शंभरी गाठली.

दहावीनंतरच्या प्रश्नाचं काय?

दरवर्षी निकाल लागला की घरोघरी तोच प्रश्न. सायन्स की आर्ट्स? सायन्सला गेला म्हणजे हुशार, आर्ट्सला गेला म्हणजे संपलं, अशी वाटणी ठरलेली.

कुवलयानंदांच्या आयुष्यात ही वाटणी बसतच नाही. त्यांच्याकडे सायन्सची मार्कशीट नव्हती, पण चार गोष्टी होत्या. मोठा दावा समोर आला की त्यातून मोजता येईल असा छोटा प्रश्न वेगळा काढणं. जे आपल्याला येत नाही त्यासाठी जाणकाराला, म्हणजे डॉक्टरला, एक्स-रेवाल्याला सोबत घेणं. जे दिसलं ते लिहून ठेवणं. आणि उत्तर मनाविरुद्ध आलं तरी ते न लपवणं.

या चार गोष्टी बँकेत लागतात, शेतात लागतात, कोर्टात आणि वर्तमानपत्राच्या कचेरीतही लागतात. खताचा नवा डोस आधी एका वाफ्यावर घालून बघणारा शेतकरी आणि सर्व्हेतला आकडा कुठून आला हे विचारणारा पत्रकार, दोघंही हेच करत असतात.

आणि उद्या कुठल्या रीलमध्ये एखादा बाबा किंवा एखादा डॉक्टर छातीठोकपणे काही सांगू लागला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा : हे मोजलं कुणी, कशाने, आणि किती लोकांवर?